सरांनी टाय लावला तो दिवस

आमच्या सरांची स्कूटर सुरू झालेली मी कधी पाहिली नाही. ती रोज सरांसोबत कॉलेजात यायची, पण ढकलत. मूल गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं की फाटकापर्यंत थोडा उतार आहे. तिथं सर तिच्यावर बसायचे आणि पाठ ताठ करून, मान किंचित तिरपी ठेवून ऐटीत आत शिरायचे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, गाडी छान चालली आहे. उतार संपला की सर उतरायचे आणि कोणी बघत नाही असं धरून चालून उरलेलं अंतर पुन्हा ढकलत न्यायचे.

हा माणूस आम्हाला यंत्र अभियांत्रिकी शिकवायचा.

पहिल्या वर्षी वर्गातल्या एका मुलानं विचारलंच, "सर, गाडी दुरुस्त काऊन नाई करत?"

"डॉक्टर घरच्याइले औषध देते काय बे? हात थरथरते त्याचे."

शर्टाच्या ज्या खिशात बाकीच्या सरांचं पेन असतं, तिथं या सरांचा स्क्रूड्रायव्हर असायचा. लांब दांड्याचा, लाकडी मुठीचा. चालत्या यंत्राला टोक टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. आतला आवाज दांड्यातून थेट कानात येतो. ही काही सरांची युक्ती नव्हे, जुने मेकॅनिक असंच करतात. पण ते ती गॅरेजमध्ये करतात. सर कुठेही करायचे. एकदा प्राचार्यांनी त्यांना कशासाठी तरी झापायला बोलावलं, तर बोलणी खाता खाता सरांनी त्यांच्या कूलरला स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "उन्हाळा नाई काढत हा." मे महिन्यात कूलर बंद पडला. प्राचार्यांना शेवटपर्यंत संशय होता की त्या दिवशी सरांनीच काहीतरी केलं. सिंदेवाहीला आमच्या सीनियरच्या बहिणीच्या लग्नात सर जेवणाच्या पंगतीतून गायब झाले, ते मांडवामागे जनरेटरशेजारी सापडले. कानाला मूठ, डोळे बंद. मुलीचे वडील घाबरून पाणी घेऊन धावले होते.

मी घुग्घुसची. ट्रकांच्या धुळीतून रोज इंग्रजी शाळेच्या बसनं जायचे. शाळेत इंग्रजी, घरी आईचं मराठी, आणि या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी गप्प बसायची सवय लागली. कॉलेजात आल्यावर ती अजून घट्ट झाली. इंग्रजीत बोललं तर मुलं म्हणणार शिष्ट आहे, मराठीत बोललं तर ते पुस्तकातल्यासारखं यायचं. त्यापेक्षा खिडकीजवळचा बाक बरा. सरांनी दुसऱ्याच दिवशी मला नाव ठेवलं, "कॉन्व्हेंट". चार वर्षांत त्यांनी माझं खरं नाव उच्चारलं की नाही, आठवत नाही.

सरांचा सोमवार म्हणजे पेशंटचा दिवस. आजूबाजूच्या गावांतून बिघडलेलं एखादं यंत्र वर्कशॉपमध्ये यायचं: पाण्याचा पंप, फवारणीचा पंप, पिठाची चक्की, एकदा तर रसवंतीचा चरक. सर आठवडी बाजारात फिरून लोकांना सांगून यायचे, "घेऊन या, आमचे पोट्टे पाह्यतीन. बरं झालं तं झालं." यंत्राला ते पेशंट म्हणायचे आणि त्याच्या मालकाला नातेवाईक. नियम असा, की नातेवाइकाची नीट चौकशी केल्याशिवाय पेशंटला हात लावायचा नाही. कधीपासून दुखतं, आधी कोणाला दाखवलं, घरात काय घडलं. पुस्तक नंतर. "हे पुस्तक लिवणारा मानूस चामोर्शीच्या बाजारात गेला होता काय?" असं सर विचारायचे. उत्तराची वाट बघायचे नाहीत.

माझा पहिला नातेवाईक सिंदेवाहीकडचा एक शेतकरी होता, पंप घेऊन आलेला. मी खूप तयारी केली होती. म्हणाले, "काका, या यंत्राला नेमका कोणता त्रास होत आहे?"

त्यांनी मान वाकडी करून पाहिलं, माझ्या मागे कोणी टीव्हीवाला उभा आहे की काय म्हणून. मग म्हणाले, "त्याले कायचा त्रास होते, बाई? त्रास तं मले होऊन राह्यला."

सगळं वर्कशॉप हसलं. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "कॉन्व्हेंट, पुढच्या सोमवारीबी नातेवाईक तुह्याकडंच." आणि त्याच्या पुढच्या सोमवारीही. मी घरी आईला म्हणाले, हे सर मला छळतात. आई म्हणाली, "छळू दे. थोडी बोलशीन तरी."

त्यांचा दुसरा नियम गुणांचा होता. तोंडी परीक्षेत उत्तर येत नसेल तर सरळ "माहीत नाही" म्हणायचं. त्याला अर्धा मार्क मिळायचा. थापा मारल्या तर भोपळा, आणि वर सर ती थाप सगळ्या वर्गाला वाचून दाखवायचे. विद्यापीठाला हे मान्य असण्याची शक्यता नव्हती, म्हणून कोणी विद्यापीठाला सांगितलं नाही. पण "माहीत नाही" कसं म्हणायचं हेही ठरलेलं होतं. मान खाली घालून पुटपुटलेलं चालायचं नाही. डोळ्यांत बघून, खणखणीत. मग सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, "अर्धा मार्क!" आणि सर म्हणायचे, "चला पाहू." म्हणजे उठा आणि जाऊन प्रत्यक्ष बघा. मला तो अर्धा मार्क कधी मिळाला नाही. मला उत्तर यायचं नाही तेव्हाही मी गप्प असायचे आणि यायचं तेव्हाही. सर म्हणायचे, "हिचं इंजिन सुरू आहे का बंद आहे, तेच समजत नाई."

आम्ही तिसऱ्या वर्षाला आलो तोवर आमच्या खाली मुलंच उरली नव्हती. सगळ्यांना कॉम्प्युटर हवं होतं. पहिल्या वर्षाच्या मेकॅनिकलच्या वर्गात इतकी कमी मुलं, की सर हजेरी न घेता नुसतं बघून सांगायचे. संस्थेत बोलणी सुरू झाली: शाखा बंद करावी, वर्कशॉपची शेड मोठी आहे, तिथं एसी बसवून कॉम्प्युटर लॅब होईल. लेथ मशीन भंगारात. हे ऐकल्यावर सर दोन दिवस कोणालाच काही नाव ठेवेनात, तेव्हा आम्हाला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

अशात प्राचार्यांनी सरांचं नाव राज्यपातळीवरच्या एका पुरस्कारासाठी पाठवलं. यंत्र अभियांत्रिकीच्या उत्कृष्ट शिक्षकाला तो मिळतो. मिळाला तर फाटकावर बोर्ड लागेल, पेपरात फोटो येईल, चार मुलं जास्त येतील, संस्था वर्षभर तरी थांबेल. प्राचार्यांनी हे सरांना इतकं स्पष्ट सांगितलं होतं, की ते आमच्यापर्यंतही पोचलं.

"मले नाई पाह्यजे पुरस्कार-बिरस्कार," सर वर्गात म्हणाले. "शाखेसाठी म्हनून हो म्हटलं. नाईतर आपल्याले काय करा लागते?"

हे म्हणणारे सर रोज जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात चक्कर मारू लागले. कूलर पाहतो म्हणायचे. हिवाळा होता.

शेवटी कळवलं गेलं की पुरस्काराच्या समितीतले दोघं जण येऊन सरांचा एक तास बघणार. आणि दिवस ठरला नेमका सोमवार. प्राचार्यांनी सरांना केबिनमध्ये घेतलं ते बराच वेळ. बाहेर आले तेव्हा सरांच्या हातात एक पेन ड्राइव्ह होता. सर तो दोन बोटांत धरून आले, सापाचं पिल्लू धरावं तसे.

"पेशंट नाई आनायचा म्हनते," सर म्हणाले. "स्लाइड दाखवायच्या. इंग्लिशमंदी."

"आणि अर्धा मार्क?" एकानं विचारलं.

"ते तं नावच नोको काढू, बाप्पा."

त्या सोमवारी सर टाय लावून आले. उतारावर टाय वाऱ्यानं मागे उडून पाठीवर गेला होता आणि तसाच राहिला. आत आल्यावर त्यांना तो सापडेना. खिसा रिकामा होता. म्हणजे खिशात पेन होतं. आम्हाला ते बघवेना.

आणि पेशंट आलाच. चामोर्शीकडच्या एका गावातून एक बाई भात कांडायची छोटी गिरणी पिकअपमध्ये घालून आल्या होत्या. बचत गटाची गिरणी होती. नका येऊ म्हणून निरोप गेला होता, पण तो त्या निघाल्यावर पोचला. प्राचार्य धावत आले. गिरणी वर्गाच्या कोपऱ्यात ढकलून तिच्यावर चादर टाकली गेली आणि बाईंना व्हरांड्यात खुर्ची दिली.

"किती येळ लागन?" बाईंनी विचारलं.

"पाहुणे गेले की लगेच, ताई," प्राचार्य म्हणाले.

"पाहुने तं आमीबी हावो."

समितीत पुण्याकडचे एक वयस्क प्राध्यापक होते आणि नागपूरच्या एक मॅडम. दोघं मागच्या बाकावर बसले. सरांनी पहिली स्लाइड लावली. विषय होता, बेरिंग का खराब होतं. सर इंग्रजीत बोलू लागले. वाईट नव्हतं ते इंग्रजी. पण सर प्रत्येक वाक्य आधी पडद्यावर वाचायचे, मग आमच्याकडे वळून तेच म्हणायचे आणि मग स्वतःच मान डोलवायचे, दुसऱ्या कोणीतरी सांगितलं असावं तसं. घाम टायवर टपकत होता. मागे मॅडम काहीतरी लिहीत होत्या आणि त्यांचा चेहरा समाधानी होता. प्राचार्यही समाधानी होते. सगळं अगदी इतर कॉलेजांत असतं तसं चाललं होतं.

बेरिंगचा हा धडा मी आदल्या वर्षी एका पिठाच्या चक्कीवर शिकले होते. मला तो येत होता. सरांनी स्लाइडवर समजावून सांगितल्यावर मात्र येईनासा झाला. मी सरांकडे बघत होते आणि वाटत होतं, हे गृहस्थ कोण आहेत? हेच जर उत्कृष्ट शिक्षक ठरले, तर पुढच्या वर्षी जी मुलं बोर्ड वाचून येतील, त्यांना हेच भेटणार.

"एनी डाउट्स?" सरांनी विचारलं. ती शेवटून दुसरी स्लाइड होती, तिच्यावर तसं लिहिलेलंच होतं. कोणी बोलणार नाही असं ठरलेलं होतं.

माझा हात वर गेला. तो मी केला असं मला आजही म्हणवत नाही.

"सर, मला नाही समजलं."

खणखणीत आलं ते. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाही पहिल्यांदाच कळत होतं. प्राचार्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शाखेला स्वतःच्या हातानं कुलूप लावलं आहे. सर पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हळूहळू टाय ओढून सैल केला.

"काय नाई समजलं वं, कॉन्व्हेंट?"

"काहीच नाही, सर. पहिल्या स्लाइडपासून."

"मलेबी," सर म्हणाले. त्यांनी लॅपटॉप बंद केला आणि टाय डोक्यावरून काढून त्याच्यावर ठेवला. "चला पाहू. त्या बाईले आत बोलवा."

चादर निघाली. बाई आल्या त्या बोलतच आल्या, "झालं काय तुमचं सिनेमा-बिनेमा?" सरांनी बोटानं मला पुढे यायची खूण केली. मी स्टूल ओढून बाईंसमोर बसले.

"बाई, कवापासून आवाज करून राह्यली?"

"पट्टा नवा टाकला, तवापासून."

"कोनं टाकला?"

"जावयानं. दिवाळीले आला होता. म्हने पट्टा ढिला हाय. मंग वढला, वढला, इतका वढला का दोघा जनांनी सोडवा लागला असता."

"मंग तुमी म्हटलं नाई, ढिला करा म्हणून?"

"जावई हाय, माय. त्याले कोन म्हनन?"

वर्ग हसत होता, मागच्या बाकावरच्या मॅडमही. आम्ही गिरणी सुरू केली. एका बाजूनं कर्कश आवाज येत होता. सरांचा हात खिशाकडे गेला, तिथं पेन होतं. कोणीतरी ड्रॉवरमधून त्यांचा स्क्रूड्रायव्हर आणून दिला. सरांनी ऐकलं, मग तो आळीपाळीनं आमच्या कानाला लावला. आणि मग, सवयीनं, सर्वांत शेवटी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात दिला. ते पुण्याकडचे प्राध्यापक होते.

त्यांनी चष्मा सावरला, वाकले, मूठ कानाला लावली. खूप वेळ ऐकलं.

"काय वाट्टे?" सरांनी विचारलं. समोर कोण आहे हे ते विसरले होते.

प्राध्यापक सरळ झाले. "खरं सांगू का? मला नाही कळत. मी आयुष्यभर कागदावरच शिकवलं."

आणि आमचा सगळा वर्ग, एका सुरात, छप्पर हलेल असा ओरडला, "अर्धा मार्क!"

प्राचार्य भिंतीला टेकले. कोणीतरी घाईनं गिरणी बंद केली. प्राध्यापकांनी आम्हा सगळ्यांकडे पाहिलं, मग सरांकडे.

"उरलेला अर्धा कसा मिळतो?" त्यांनी विचारलं.

"बाह्या वर करा, साहेब," सर म्हणाले.

जावयाच्या ताणानं एका बाजूचं बेरिंग घासून गेलं होतं. ते बदललं, पट्टा सैल केला. प्राध्यापकांचे हात मनगटापर्यंत काळे झाले आणि ते फार खूश दिसत होते. बाईंनी गिरणीत मूठभर धान टाकून पाहिलं, तांदूळ हातावर घेतला आणि सरांना म्हणाल्या, "जावयाले काय सांगू?"

"सांगा, सरकारी पाहुने आले होते, त्यायनं ढिला केला."

पुढचे कितीतरी दिवस प्राचार्य माझ्याशी बोलले नाहीत. सर बोलले, पण इकडचं तिकडचं. मला झोप लागत नव्हती. शाखा गेली तर ती माझ्या एका वाक्यानं गेली असं होणार होतं. एकदा धीर करून मी विचारलं, "सर, मी तेव्हा बोलायला नको होतं का?"

सर लेथ पुसत होते. म्हणाले, "माहीत नाई." आणि डोळ्यांत बघून म्हणाले, म्हणजे खरंच माहीत नव्हतं.

पुरस्कार मिळाला. सरांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "आपल्याले काय फरक पडते," आणि त्या दिवशी त्यांनी स्कूटर उतारावरून दोनदा आणली.

समारंभ आम्ही वर्कशॉपमध्ये मोबाइलवर पाहिला. सर मंचावर गेले, हार झाला, हातात स्मृतिचिन्ह आलं: पितळेची तीन दातेरी चाकं, त्रिकोणात, प्रत्येक चाक बाकीच्या दोघांत अडकवलेलं. फोटोवाला "इकडे बघा" म्हणत होता आणि सर स्मृतिचिन्हाकडे बघत होते. त्यांनी एक चाक बोटानं ढकललं. मग दुसरं. मग ते प्रमुख पाहुण्यांच्या कानाशी वाकून काहीतरी म्हणाले. पाहुणे हसले. सर हसले नाहीत.

"काय म्हटलं सर तुम्ही त्यांना?" परत आल्यावर आम्ही विचारलं.

"म्हटलं, साहेब, हे फिरत नाई."

"मग?"

"म्हनते, शोभेचं आहे." सरांनी तो शब्द पुन्हा उच्चारला, खडा तोंडात आल्यासारखा. "शोभेचं! यंत्रवाल्याइच्या पुरस्काराले न फिरनारी चाकं."

साधी गोष्ट आहे. एक चाक उजवीकडे फिरलं, की त्याला लागलेलं डावीकडे फिरायला हवं. तिसरं दोघांनाही लागलेलं; एक त्याला इकडे ढकलणार, दुसरं तिकडे. म्हणून तिन्ही जागच्या जागी. प्राचार्यांना ते काचेच्या कपाटात हवं होतं. सर देईनात. आम्हाला वाटलं, रागानं फेकून देतील.

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले. कॉलेजच्या अंगणात प्रत्येक शाखेचं एक टेबल. फाटकावर सरांच्या फोटोचा बोर्ड होता, तरी गर्दी कॉम्प्युटरच्याच टेबलाला. आमच्या टेबलावर सर, मी आणि मध्ये ते स्मृतिचिन्ह. संस्थेनं सांगितलं होतं, या वर्षी अर्धा वर्ग तरी भरला पाहिजे, नाहीतर, पुरस्कार असो की नसो, शाखा बंद. दुपारपर्यंत आमच्याकडे लोक आले ते कॉम्प्युटरचं टेबल कोणतं विचारायलाच. मी त्यांना दाखवत होते.

मग चामोर्शीकडचे एक वडील आणि त्यांची मुलगी आली. वडील म्हणाले, "कॉम्प्युटर इथीच हाय काय?"

"तिकडं," सर म्हणाले. मग मुलीला म्हणाले, "हे जरा फिरवून पाह्य बरं, पोरी. मले जमून नाई राह्यलं."

मी सरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा साफ कोरा होता.

मुलीनं एक चाक फिरवलं. नाही फिरलं. दुसरं फिरवलं. तिनं ते उचलून उलटं करून पाहिलं. वडील म्हणाले, "चाल न वं, तिकडं लाइन लागून राह्यली."

"थांबा न, बाबा."

ती खाली बसली. बोटानं हवेत गोल काढू लागली, एक इकडे, एक तिकडे. ओठ हलत होते. वडील कॉम्प्युटरच्या रांगेत उभे राहून आले, परत बोलवायला आले, पुन्हा गेले.

"बाबा, हे दोघं याले दोन बाजूनं वढून राह्यले," ती मान वर न करता म्हणाली. "एक काढा लागते. नाईतर अजून एक टाका लागते. थांबा."

"अवं, बस जाईन आपली!"

"एक मिनिट, बाबा."

बाहेर रस्त्यावर हॉर्न वाजला. वडील फाटकाकडे पळाले. थोड्या वेळानं परत आले, रुमालानं मान पुसली आणि आमच्या टेबलासमोरच्या खुर्चीवर बसले.

"गेली बस," ते म्हणाले.

सरांनी चेहरा शक्य तितका दुःखी केला. "अरेरे," ते म्हणाले. "मंग आता बसलेच हाय तं फॉर्म भरूनच घ्या न, भाऊ."